बाबांसाठी चार ओळी

गुरुवार, २ जानेवारी

आले एकदाची नागपूरला. उमरेडच्या स्टँडवर माझी गादी, बादली, शेगडी असा सगळा संसार बघून कंडक्टरनं विचारलं, ताई, सासरी निघाल्या काय. मी म्हटलं, नोकरीवर. तर म्हणतो कसा, जाऊ द्या, राबणं सारखंच हाय. अख्खी बस हसली, मीही हसले.

खोली अजनीला, वरच्या मजल्यावर. एक पलंग, एक खिडकी, भिंतीतलं एक कपाट. खिडकीतून रेल्वेचे डबे दिसतात, कुठंही न जाता दिवसभर उभे असतात. खोली स्वतःची आहे आणि दार आतून लावता येतं, एवढ्यावरच मी खूश आहे.

दुकान धंतोलीत. नाव 'आठवण डिजिटल'. मालक संघपालदादा चाळिशीचे, बोलायला मोकळे आणि कामात खडूस. लोकांना व्हॉट्सॲपवर टाकायचे फोटो सजवून द्यायचे, हे आमचं काम. वाढदिवस, बारसं, निवड झाल्याबद्दल अभिनंदन, आणि श्रद्धांजली. आज पहिल्याच दिवशी एका होऊ घातलेल्या नगरसेवकाला मी इतका गोरा केला की त्यानं स्वतःला ओळखायला वेळ घेतला. मग खूश होऊन गेला. जमेल मला हे काम.

रविवार, ५ जानेवारी

धंतोलीत दवाखानेच दवाखाने. अर्धा विदर्भ इथं पिशवी-डबा घेऊन बाकावर बसलेला असतो. त्यामुळे आमच्याकडे श्रद्धांजल्या जास्त. लोक फोनमधला फोटो दाखवतात, तो हमखास कुणाच्या तरी लग्नातला असतो. गेलेल्या माणसाच्या खांद्याला दुसऱ्याचा खांदा चिकटलेला. आज दिवसभर मी लोकांचे खांदे पुसले. बायकांचे फोटो तर सापडतच नाहीत. आई असते ती कडेला, हातात वाढायची पळी घेऊन, अर्धी.

एक गोष्ट मला नवी होती. माणूस आयसीयूत असतानाच घरचे पोस्ट करून ठेवायला येतात. येतात ते चोरासारखे, हळू आवाजात सांगतात. बातमी आली की हात कापतात, आणि तेवढ्यात चुलतभाऊ आधी टाकून मोकळा होतो, म्हणून ही तयारी. संघपालदादा नाही म्हणत नाहीत, पण त्यांचा एक नियम आहे. नावामागे 'कै.' लावायचं नाही, हार नाही, दिवा नाही. ते सगळं बातमी आल्यावर. काहून, असं मी विचारलं तर म्हणाले, ते आपलं काम नाही. आपण फक्त फोटो करतो.

गुरुवार, ९ जानेवारी

सोमवारी बाबा आले. खोकला हटत नव्हता म्हणून त्यांना इथल्या डॉक्टरांना दाखवलं. काही विशेष नाही म्हणाले, ओढायचा पंप दिला. जन्मभर मागावर सूत हाताळलं, ते छातीत जाऊन बसलेलं. संक्रांतीपर्यंत राहा म्हटलं तर लगेच तयार झाले. आई गेल्यापासून उमरेडच्या घरात एकटेच असतात.

बाबांचं एक मजेशीर आहे. महादेवराव धकाते तोंडानं दोन शब्द बोलणार नाहीत, पण हातात फोन आला की त्यांना बोलू किती नि काय असं होतं. उजाडायच्या आत 'धकाते परिवार' ग्रुपवर फूल आणि सुविचार. मग स्टेटस. परवा त्यांनी स्वतः विणलेल्या जुन्या लुगड्याच्या काठाचा फोटो टाकला आणि खाली सहा ओळी लिहिल्या. इतक्या छान की मी दोनदा वाचल्या. मग दिवसभर कुणी पाहिलं ते उघडून बघत होते. पाहिलं तसं पाच-सहा जणांनी, बोललं कुणी नाही. त्याच्याच खाली माझ्या धाकट्या भावानं, जितेंद्रनं, सुरतेहून नव्या गाडीचा फोटो टाकला आणि तिथं अंगठ्यांचा पाऊस पडला. बाबांनीही एक अंगठा दिला. जितू त्यांच्याशी भांडून गेलाय, फोन करत नाही. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला, सगळ्यांचाच.

सोमवार, १३ जानेवारी

आज भोगी. बाबा दुपारी बाजरीची भाकर आणि भाजी घेऊन दुकानात आले. खिडकीपाशी उभं करून मी त्यांचा फोटो काढला आणि संक्रांतीची शुभेच्छा करून दिली. पांढरी टोपी, कडेला झेंडू, खाली 'शुभेच्छुक: महादेवराव धकाते'. एखाद्या पुढाऱ्यासारखे दिसत होते.

मग त्यांचं लक्ष शेजारच्या श्रद्धांजलीकडे गेलं. म्हणाले, माही पण एक कर ना वं. मी म्हटलं, काहीतरीच काय. तर म्हणाले, मेल्यावर मी कसा पाहीन? संघपालदादा जेवायला गेले होते. बाबा असे कधी काही मागत नाहीत, आणि हसतही होते. मी केली. तोच फोटो, तोच झेंडू, वर एक दिवा, आणि 'कै.'. दोन्ही त्यांच्या फोनवर पाठवल्या.

संघपालदादा आले, पडद्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मला बोलले नाहीत, स्वतःच्या हातानं पुसून टाकली. संध्याकाळी ऑटोत बाबा फोन डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ बघत होते. बरा दिसतो मी, म्हणाले.

मंगळवार, १४ जानेवारी

काय लिहू. सकाळी मी अंघोळीला गेले होते. बाबांनी रोजच्यासारखा ग्रुपवर फोटो टाकला, स्टेटसलाही टाकला. चष्मा गादीखाली राहिला होता. लहान दिसताना दोन्ही फोटो सारखेच, तोच झेंडू, तीच टोपी. त्यांनी दुसरा टाकला.

मी बाहेर आले तेव्हा फोन थरथरत होता आणि बाबा पलंगावर बसून वाचत होते. मी पुसायला हात पुढं केला तर त्यांनी फोन छातीशी धरला. थांब वं, वाचू दे. कन्हानच्या जयवंता आत्यानं, बाबांच्या धाकट्या बहिणीनं लिहिलं होतं, भावानं मला बापाची उणीव भासू दिली नाही. एका भाचीनं लिहिलं होतं, मामांनी विणलेलं लुगडं मी अजून कुणाला हात लावू देत नाही. ज्यांची नावं बाबांना आठवत नव्हती त्यांनीही लिहिलं होतं. आणि जितूनं. एवढं मोठं. सुरतेला निघताना बाबांनी खिशात मुरमुऱ्याचा लाडू घातला, तो रागानं खिडकीतून फेकला, आणि गाडी सुटल्यावर दाराशी उभा राहून रडलो, असं.

बाबांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. जितूले एवढं लिहिता येते? एवढंच म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि चेहरा इतका उजळला होता की मी तसा कधी पाहिला नव्हता. म्हणाले, आजचा दिवस राहू दे, उद्या सांगू सगळ्यांले. मी राहू दिलं. प्रत्येकाचं वाचायला त्यांना दुपार झाली.

संध्याकाळी जितूचा फोन आला. मी सांगितलं, अरे, चुकून गेलं, बाबा ठीक आहेत. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ताई, तू जेवलीस का? मी चिडून व्हिडिओ लावला आणि फोन बाबांसमोर धरला. बाबा लाजत हसले, हात हलवला, जितू म्हणून हाक मारली.

जितू रडायला लागला. ताई, मले रिकामा पलंग काहून दाखवून राहिली, म्हणाला.

बुधवार, १५ जानेवारी

उठल्याबरोबर ग्रुपवर लिहिलं, बाबा सुखरूप आहेत, ती पोस्ट चुकून गेली, माफ करा. त्याखाली हात जोडल्याची चित्रं आली. धीर धर पोरी. सावर स्वतःला.

दुपारी जयवंता आत्या आली. मी मनात म्हटलं, आता समोरासमोर बघेल आणि सगळं मिटेल. बाबा दार उघडायला गेले. ती त्यांच्या अंगावरून आत आली आणि माझ्या गळ्यात पडली. मग पलंगावर बसली. बाबा तोवर परत येऊन रजई घेऊन आडवे झाले होते, त्यांनी घाईनं पाय आखडले. जयवंता, मी हाओ ना इथं, असं म्हणत राहिले. मीही तेच म्हणत राहिले. आत्यानं रजईवरून हात फिरवला, अजून ऊब हाय वं, म्हणाली, आणि मोठ्यानं रडली. मग त्यांच्या अंगावरची रजई ओढून तिची घडी घातली.

ती गेल्यावर बाबांनी घडी मोडून रजई पुन्हा अंगावर घेतली. मग म्हणाले, जयवंता माह्यावर एवढी माया करते, मले मालूम नव्हतं. मला भीती वाटते आहे. हे लिहितानाही वाटते आहे.

गुरुवार, १६ जानेवारी

बाबांना सोबत घेऊन दुकानात गेले. संघपालदादांनी मान वर केली आणि म्हणाले, या काका, बसा. मी तिथंच रडायला लागले. चहावाल्याला त्यांनी तीन कप सांगितले, त्यानं तीन आणले.

संघपालदादांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनीच शोधून काढलं. ज्यानं बाबांना निरोप लिहिला आणि तो बाबांनी वाचला, त्याला बाबा दिसत नाहीत. संघपालदादांनी काही लिहिलेलं नाही. मीही नाही. मी आत्याला फोन करून तिचं लिहिलेलं पुसायला लावलं. माझ्या समाधानासाठी पुसलं तिनं. मग फोन बाबांकडे दिला. तिला आवाज आला नाही.

वाचलेलं परत न-वाचलेलं होत नाही. संघपालदादा म्हणाले, मी लिहिणार नाही, हर्षा, तू बी लिहू नको. बस.

शनिवार, १८ जानेवारी

जितूनं बाबांचा नंबर ग्रुपमधून काढला. गेलेल्याचा नंबर ठेवत नाहीत, बघून त्रास होतो, असं त्यानं मला नीट समजावून सांगितलं. अंत्यविधी कधी झाला ते कुणीच विचारत नाही, सगळे तो झाल्यासारखंच बोलतात. वाईट हेतू कुणाचाच नाही. म्हणून तर कुणाशी भांडता येत नाही.

तेव्हापासून बाबांना जेवण जात नाही. घास उचलतात, चावतात, आणि ताटात भात तेवढाच. चहा पितात आणि कप भरलेला. म्हणाले, भूक लागली वं. मी पुन्हा वाढलं. पुन्हा तसंच. मला ते ताट उचलवेना.

मंगळवार, २१ जानेवारी

संघपालदादाही गेले.

जितूनं त्या फोटोखालच्या दुकानाच्या नंबरवर फोन करून तेरवीची पोस्ट सांगितली. त्याला काय माहीत मी तिथंच आहे ते. संघपालदादा आधी नाही म्हणाले, पण जितू फोनवर इतका रडला की त्यांनी करून दिली. दुकानाचा शिरस्ता असा की आदल्या दिवशी केलेल्या सगळ्या श्रद्धांजल्या सकाळी एकदम दुकानाच्या स्टेटसला जातात, खाली 'आठवण डिजिटलतर्फे विनम्र श्रद्धांजली'. आज हाताच्या सवयीनं तेही गेलं.

बाबा समोरच्या स्टुलावर बसले होते. स्टेटस उघडला, वाचला, बरं वाटलं त्यांना, मान हलवली. माझं लक्ष जाईपर्यंत झालं होतं. संघपालदादांनी मला विचारलं, काका आज घरीच राहिले काय?

बाबा त्यांच्याकडे बघून हसत होते. मी होय म्हटलं. खरं सांगून त्या भल्या माणसाला जन्माचा घोर कशाला लावू. चहावाला आला. त्यानं कुठं काही लिहिलंय, पण संघपालदादांनी दोनच कप सांगितले, त्यानं दोनच आणले.

आता फक्त मी.

गुरुवार, २३ जानेवारी

कामावर गेले नाही.

बाबांना थंडी वाजते. दोन रजया, माझी शाल, तरी वाजते. दुपारी उन्हाचा पट्टा पलंगावर आला म्हणून पांघरूण काढलं, तर तो त्यांच्या अंगावर थांबला नाही, खालच्या चादरीवर पडला. चादरीची फुलं दिसत होती.

मी त्यांचा फोन कपाटात लपवला. लहान मुलासारखे शोधत राहिले. परत दिला. दिवसभर तेच वाचतात, सगळ्यांनी लिहिलेलं. बोललेलं त्यांच्यात राहत नाही. मी सांगते, बाबा, मला तुम्ही हवे आहात. हो म्हणतात. थोड्या वेळानं विसरतात. वाचलेलं तेवढं राहतं.

संध्याकाळी फोन खाली ठेवून म्हणाले, सगळ्यांनी लिहिलं. तू नाही लिहिलं वं काही.

शुक्रवार, २४ जानेवारी

पुन्हा विचारलं. सकाळी. मग जेवताना, म्हणजे मी जेवताना.

मी म्हटलं, लिहिलं तर तुम्ही मला दिसणार नाही. समजलं त्यांना. मान हलवली. मग थोड्या वेळानं पुन्हा — तुले माह्याबद्दल काहीच आठवत नाही काय?

आठवतं हो बाबा. सगळं आठवतं. तेच तर —

रडून झालं की लिहीन.

नाही लिहिणार.

शनिवार, २५ जानेवारी

रात्रभर कण्हत होते. भूक, भूक. थंडी. आवाजही आता लांबून येतो, पलीकडच्या खोलीतून यावा तसा.

मीच धरून ठेवलंय त्यांना. बाकी सगळ्यांनी सोडलं, मी एकटीनं धरलंय, आणि ते असे — अर्धे. उपाशी. मला हवे आहेत म्हणून. ही कसली माया माझी.

आज ते म्हणाले, कापड विणून झालं न् मागावरून उतरवलंच नाही, तर ते कोणाच्याच अंगाले लागत नाही, हर्षे. रागानं नाही म्हणाले. बाबा रागावत नाहीत. रागावले असते तर बरं —

उद्या तेरवी आहे. जितू, आत्या उमरेडला जमणार. मला ये म्हणतात. बाबांना इथं टाकून कशी —

रविवार, २६ जानेवारी

दुपार. ऊन आहे. त्यांना उन्हात बसवलंय.

लिहिलं. किती वेळा खोडलं. फोनवर टाकायच्या आधी इथं लिहिते, माझ्याजवळ राहावं म्हणून:

माझे बाबा फार बोलायचे नाहीत. मी शाळेतून आले की ते माग थांबवायचे. दिवसभर चालणारा तो आवाज थांबला की मला कळायचं, मी घरी आले. माझं असं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

श्रद्धांजली हा शब्द घातला नाही. 'कै.' नाही. कदाचित त्यामुळं —

माहीत आहे मला. तरी.

स्टेटसला टाकलं.

त्यांच्या फोनवर आलं. चष्मा लावून दिला. अंगठा दाबून धरलाय, पुढं सरकू नये म्हणून. ओठ हलवत वाचतायत.

दुसऱ्या ओळीवर थांबले. मले वाटे तुले ते कळलंच नसन, म्हणाले. आवाज अगदी जवळून आला. पूर्वीसारखा.

हसतायत. कण्हणं थांबलंय. थंडीनं कापत नाहीत.

वाचून झालं. अंगठा तसाच दाबलेला. माझ्याकडे बघतायत.

बाबा, अंगठा उचलू नका. असेच बसा. मी समोर आहे, मला दिसताय, अजून दिसताय — जरा वेळ — बाबा, नका ना —